अमेरिकेतली डीव्हीडी लॅपटॉपवर लागत नसेल तर

अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी इथे लागली नाही, तर ती खराब आहे असं समजून टाकून देऊ नका. डीव्हीडीसाठी जगाचे क्रमांक दिलेले विभाग, म्हणजे ‘रीजन’, पाडलेले आहेत आणि डीव्हीडी ड्राइव्ह सहसा स्वतःच्या रीजनचीच डिस्क लावतो. तिकडच्या डिस्क बहुधा रीजन १ च्या असतात. भारत रीजन ५ मध्ये येतो. कव्हरमागे पृथ्वीगोलाच्या छोट्या चित्रात आकडा छापलेला असतो, तो आधी पाहा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डीव्हीडी रीजन’ टॅबवर रीजन बदलता येतो. पण जपून! ही मुभा साधारणपणे फक्त ५ वेळा. पाचव्यांदा निवडलेला रीजन कायमचा बसतो. मोजणी ड्राइव्हच्याच फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) असल्याने विंडोज नव्याने टाकूनही उपयोग होत नाही. पैसे मोजून घेतलेल्या डिस्कवर अशी अडवणूक हा ग्राहकावर अन्यायच आहे. अशा डिस्क बऱ्याच असतील तर वेगळा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि तो रीजन १ वरच ठेवा.