पोतं नको, वजनकाटा द्या

दिवाळी जवळ आली की किंवा कुणाच्या घरी वाढदिवस असला की माझा फोन वाजतो. "डॉक्टर, माकडांसाठी चार घड केळी पाठवू का?" माणसं मनापासून विचारतात, त्यामुळे नाही म्हणताना कसंनुसं होतं. तरी मी नाहीच म्हणते. मी पशुवैद्यक आहे, आहारशास्त्रातली. गाई-म्हशींच्या रेशनपासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं वन्यप्राण्यांच्या कोठीत, म्हणजे जिथे त्यांचं खाणं येतं, चिरलं जातं आणि वाटलं जातं, तिथे माझा दिवस जातो. खाण्याचं पोतं कुणी ना कुणी देतंच. खाल्लेलं मोजायला काटा, चारा तपासायची फी आणि कीपरला, म्हणजे प्राण्यांची रोजची देखभाल करणाऱ्याला, शिकायला मोकळे दोन दिवस यांसाठी मात्र कुणी खिशात हात घालत नाही. ज्यांना खरंच हातभार लावायचाय त्यांनी काय करावं, ते सांगते.

आधी केळ्यांचं निपटवू. बाजारातलं फळ माणसाच्या जिभेसाठी पिढ्यान्‌पिढ्या गोड केलेलं असतं. जंगलातल्या उंबराच्या मानाने त्यात साखर जास्त आणि चोथा कमी. इंग्लंडच्या पेन्टन प्राणिसंग्रहालयाने माकडांची केळी बंद केली ती बातमी २०१४ साली बरीच गाजली. २०१८ मध्ये मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयानेही अनेक प्राण्यांची फळं काढून पालेभाज्या वाढवल्या. दात किडतात, वजन वाढतं, मधुमेहाची भीती असते. शिवाय पिंजऱ्याबाहेरून प्राण्याला काहीही खायला घालायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे कलमाने मनाईच आहे. लोकांना हे सांगितलं की, "एवढ्याशाने काय होतंय?" असं उत्तर येतं. रविवारी गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाचं हेच मत असतं, म्हणून होतं.

पहिलं काम: ज्या ठिकाणी मदत करायचीय तिथे आहाराचा तक्ता मागा. बहुधा तो कोठीच्या भिंतीवरच असतो. चितळ, लसूणघास इतके किलो, दाणा-पेंडीचा खुराक इतका. बिबट्या, मांस इतकं, आठवड्यातला एक दिवस उपास. मग विचारा, "आणि यातलं खाल्लं किती जातं?" बऱ्याच ठिकाणी इथे गप्प बसतात, कारण तक्त्यावर असतं ते दिलेलं. खाल्लेलं कुठेच लिहिलेलं नसतं. आहारावरचं सगळं संशोधन या एका आकड्यापासून सुरू होतं आणि तो काढायला पीएचडी लागत नाही.

काटे दोन लागतात. एक चारा-मांसासाठी, पन्नासेक किलोपर्यंतचा. दुसरा पक्ष्यांच्या आणि पिल्लांच्या खाण्यासाठी, ग्रॅमपर्यंत अचूक. दोन्ही बॅटरीवर चालणारे घ्या, कोठीतले लाइट नेमके चारा वाटायच्या वेळी जातात. स्टीलचा पत्रा हवा, कारण तिथे दिवसभर पाणी मारलं जातं. सोबत एक किलोचं प्रमाणित वजन द्या आणि दर सोमवारी काटा त्यावर तपासायला सांगा.

आता मोजायचं कसं? समजा चितळांच्या कळपाला सकाळी ५ किलो लसूणघास टाकली आणि संध्याकाळी २ किलो उरली. वजाबाकी करून तीन किलो खाल्ली असं लिहाल तर चुकाल, कारण उरलेली घास दिवसभरात वाळून हलकी होते. म्हणून त्याच ढिगातली १ किलो घास एका घमेल्यात घालून, प्राण्यांचं तोंड पोहोचणार नाही पण ऊन-वारा तोच लागेल अशा जागी ठेवायची. संध्याकाळी तिचं वजन ८०० ग्रॅम भरलं, तर दिवसभरात पाचवा हिस्सा पाणी उडालं. म्हणजे गव्हाणीत उरलेली २ किलो घास सकाळी अडीच किलो होती आणि खाल्ली गेली ती अडीचच किलो. हिरव्या लसूणघासेत ढोबळमानाने पाचवा हिस्साच शुष्क पदार्थ असतो, बाकी पाणी. म्हणजे पोटात खरा ऐवज गेला अर्धा किलो. चैत्र-वैशाखात हे घमेलं ठेवलं नाही तर सगळे आकडे फुगतात आणि प्राणी भरपूर खातोय असं समाधान कागदावर मिळतं.

उरलेलं उचलताना ते एकत्र करू नका. पाला, काड्या आणि खुराक यांचे तीन ढीग करा आणि वेगवेगळे तोला. चितळ पाला खुडून खातं आणि जाड काड्या मागे ठेवतं. प्रयोगशाळेत तुम्ही अख्खी पेंढी दळून पाठवली, तर अहवालात जे येतं ते त्याने खाल्लेलंच नसतं. भेकराच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा. ते कडबा-गवतावर जगणारं जनावर नव्हे, त्याला कोवळा पाला, शेंगा, पडलेली फळं लागतात. कळप असेल तर कोपऱ्यात उभं राहून बघा कोण आधी खातं. दांडगा नर खुराकाच्या घमेल्यावरून हलत नाही आणि गाभण मादी काड्या चघळत बसते, हे वजनात दिसत नाही. त्यावर उपाय सोपा: घमेली वाढवा आणि लांब लांब ठेवा. असं निदान आठवडाभर सलग मोजायचं, एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

पाल्याचा विषय निघालाच आहे तर सोसायट्यांना आणि शेतकऱ्यांना सांगते. वस्तूच द्यायची असेल तर पाला द्या, तो बाजारात विकत मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर, बोर, शेवगा, बाभळीच्या शेंगा. शहरात फांद्या तोडायला पालिकेची परवानगी लागते, तेव्हा रीतसर छाटणी होते त्या दिवशी कोठीला कळवा. फवारणी झालेला पाला नको, हमरस्त्याच्या धुरातला नको आणि कण्हेरीची एकही डहाळी त्यात नको, ती विषारी असते. सुबाभूळ चालते, पण तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे रोज आणि भरमसाट नको.

प्रयोगशाळेचं थोडक्यात. नमुना ढिगाच्या वरून मूठभर उचलून होत नाही. दहा ठिकाणांहून, आतून-बाहेरून घ्या, एकत्र करा आणि त्यातला भाग पिशवीत भरा. पिशवीवर चाऱ्याचं नाव, तारीख आणि कापणी किती दिवसांची ते लिहा. नागपूरला मुख्यालय असलेल्या आपल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची, माफसूची, महाविद्यालयं मुंबईत परळला, शिरवळला, परभणीला, उदगीरला आहेत. पशुपोषण विभागाला पत्र लिहून विचारा. प्रथिनं, चोथा, स्निग्धांश, कॅल्शियम, फॉस्फरस एवढं कळलं तरी खूप झालं. पावसाळ्यानंतर मका आणि शेंगदाणा पेंडेत बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, तपासून घ्या. या चाचण्यांचा वर्षभराचा खर्च एखाद्या कुटुंबाने किंवा गणेश मंडळाने उचलला, तर त्या देणगीइतकी उपयोगी देणगी मी क्वचितच पाहिलीय. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वन्यप्राण्यांच्या आहारावर प्रबंध करायचा असतो, पण रसायनं, प्रवास आणि राहणं यांवर गाडं अडतं आणि तो शेवटी कोंबड्यांवर काम करतो. त्याचा खर्च उचलणं म्हणजे थेट संशोधनाला मदत.

मांसाहारी प्राण्यांकडे येऊ, कारण देणगीदारांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. एका भल्या गृहस्थांनी बिबट्याच्या बछड्यांसाठी बोनलेस चिकन पाठवलं होतं, सगळ्यात महागडं. नुसत्या लुसलुशीत मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला तेच देत राहिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडं मऊ पडतात आणि साध्या उडीत पाय मोडतो. बछड्याला हाडासकट हवं: कोंबडीची मान, पंखाचा तुकडा, वयानुसार. मार्जारकुळाला टॉरिन नावाचं पोषणद्रव्यही आहारातूनच मिळावं लागतं. १९८७ मध्ये पाळीव मांजरांवरच्या संशोधनातून कळलं, की ते कमी पडलं तर हृदय फुगून निकामी होतं. काळीज आणि हृदयाचा भाग नुसता चवीसाठी देत नाहीत तो यामुळे.

आणि दूध. ऊसतोडणी सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, अकोले भागात फडात बछडे सापडतात आणि कुणीतरी बशीभर गाईचं दूध पुढे करतं. करू नका. बिबटीच्या दुधाच्या मानाने ते प्रथिनांत आणि स्निग्धांशात पातळ असतं, हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाचं पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. हात न लावता वन विभागाला कळवा, १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. वन विभागाने संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवलेलं पिल्लू आई येऊन घेऊन जाते, असं जुन्नर पट्ट्यात कितीतरी वेळा झालंय. आईच्या दुधाला तोड देणारी पावडर अजून कुठल्याच डब्यात मिळत नाही.

मोकळ्या रानातल्या प्राण्याचं पोट कसं वाचायचं? विष्ठेतून. अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून अभ्यास झाला. त्यात वजनाच्या हिशोबाने जवळपास ३९ टक्के आहार भटक्या-पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळीचा वाटा त्याच्यापुढे थोडाच. गावातल्या उकिरड्याचा आणि बिबट्याच्या ताटाचा संबंध असा कळतो. अशा कामात स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर वन विभागाची परवानगी असलेल्या पथकाबरोबरच जा. हातमोजे, कागदी पिशवी, जागेची नोंद आणि तारीख लागते. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना घाम धरतो आणि त्याला बुरशी येते.

गिधाडांचं उदाहरण तर प्रत्येक गोठेवाल्याने लक्षात ठेवावं. गिधाडं उपाशी मरत नव्हती, मेलेल्या जनावराच्या मांसातलं औषध त्यांना मारत होतं. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झाली. जनावराला ताप-सूज असली तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा आणि माणसांची बाटली मेडिकलमधून आणून टोचू नका. गिधाडांच्या खाद्यासाठी मेलेलं जनावर देणार असाल, तर शेवटच्या दिवसांत कुठलं इंजेक्शन झालं ते खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि ते जनावर देऊ नका.

आता प्रशिक्षण. संशोधनाचा कागद कोठीतल्या सुरीपर्यंत पोहोचतो तो कीपरमुळे. पण कीपरला कार्यशाळेला पाठवायचं तर त्या दिवशी हत्तीला चारा कोण घालणार? म्हणून नागपूरच्या गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र असलं किंवा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची शिबिरं होत असली, तरी अडतं ते बदली माणसाच्या रोजावर. देणगी देताना "प्रशिक्षणाच्या दिवसांतली बदली कामगारांची मजुरी" असं स्पष्ट लिहून द्या. कोठीवाले तुम्हाला दुवा देतील.

प्रशिक्षण तुम्हीच भरवत असाल तर हॉल आणि प्रोजेक्टर विसरा. कोठीतच घ्या, सकाळच्या वाटपाच्या वेळी, मराठीत. शरीराची अवस्था १ ते ५ मध्ये कशी ठरवायची ते जिवंत प्राण्यासमोर उभं राहून शिकवा: बरगड्या दिसतात का, कमरेचं हाड वर आलंय का, शेपटीच्या बुंध्याशी चरबी आहे का. दोन कीपरना एकमेकांना न दाखवता गुण द्यायला सांगा. एकाचे २ आणि दुसऱ्याचे ४ आले की वर्गात जीव येतो. महिन्याला एक फोटो, त्याच बाजूने, त्याच अंतरावरून. मासळी खाणाऱ्या पक्ष्यांकडे जे असतात त्यांना बर्फातली मासळी रात्रभर फ्रिजमध्येच सोडवायला शिकवा, नळाखाली नाही. साठवणीत ब-१ जीवनसत्त्व कमी होतं आणि काही माशांतलं थायमिनेज ते आणखी मोडतं, म्हणून गोळी माशाच्या कल्ल्यात घालून देतात. आणि जुन्या कीपरला बोलू द्या. "ही सांबरीण अमावस्येच्या आसपास खात नाही," असं कुणी म्हणालं तर हसू नका, चार्टवर लिहून मोजा. निघेल ते निघेल.

पैशांचं. प्राणी दत्तक योजना अनेक ठिकाणी आहे, पण रक्कम भरण्याआधी ती कुठल्या खात्यात जाते आणि आहाराशिवाय चाचणी-प्रशिक्षणाला वापरता येते का, ते लेखी विचारा. संस्थेला द्यायची असेल तर देणगीवर आयकरात सवलत मिळते का बघा. कंपनीत असाल तर कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात प्राणी कल्याण आहेच, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, देता येतं. बदल्यात बछड्याला मांडीवर घेऊन फोटो मागू नका. एका कंपनीने फ्रीझर दिला आणि त्याच्यापेक्षा मोठा फलक. फ्रीझरच्या देखभालीचं मात्र कराराच्या कागदावर नाव नव्हतं, पहिल्याच उन्हाळ्यात कॉम्प्रेसर गेला. यंत्र देणार असाल तर तीन वर्षांची दुरुस्ती त्यातच धरा. बदल्यात नोंदवहीची प्रत मागा आणि "फरक पडला नाही" असा निकाल आला तरी तो छापायला सांगा.

सुरुवात जूनमध्ये करू नका. पहिल्या पावसात चारा बदलतो, ओल्या गवताने लेंड्या पातळ होतात आणि कोठीत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. नोव्हेंबरमध्ये पत्र लिहा, एक प्राणी निवडा, एक आठवडा मोजा. मग तेच एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. पत्र प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांच्या नावे असू द्या आणि प्रत पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना. जाताना घमेलं स्वतःचं न्या, तिथली सगळी भरलेली असतात.