वर्षाची बेगमी: सगळी तूर विकायच्या आधी हे वाचा

आपल्या विदर्भातल्या शेतकरी घरात पैसा काही दर महिन्याला येत नाही. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या मागंपुढं थोडा, मंग कापूस जसजसा वेचून विकला तसतसा, आणि तूर-हरभऱ्याचा जानेवारी ते मार्च, बस. खर्च मात्र बाराही महिने चालू राहते, आणि जून-जुलैत बियाणं-खतात सगळं जाऊन हात रिकामा झाला की तेव्हाच किराणा उधारीवर आणावा लागते, आणि उधारीवर आणणाऱ्याला भाव विचारायची सोय नसते, दुकानदार लावीन तो भाव. म्हणून माझं मत एकच आहे, घरात माल अन् हातात पैसा असते तेव्हाच घर भरून घ्या, पण सगळंच भरायच्या नादी लागू नका. तीन-चार वस्तू भरायच्या आणि त्या नीट भरायच्या. बाकीचं महिन्याच्या महिन्याला आणलेलंच बरं.

तुरीपासून सुरू करते, काऊन की पैसे वाचतात ते मुख्य इथंच. आपण तूर पिकवतो, सगळीच्या सगळी बाजारात नेतो आणि मंग वर्षभर दुकानातून किलो-किलो डाळ आणतो. जरा हिशोब करून पहा. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचं वरण अन् मधूनमधून डाळभाजी धरली तं रोजची 200 ग्रॅमच्या आसपास डाळ लागते, म्हणजे महिन्याला 6 किलो, वर्षाला 72-73 किलो. मिनी दालमिलवर एक क्विंटल तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. म्हणजे एक क्विंटल तूर ठेवली की वर्षाचं काम झालं. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 8000 रुपये क्विंटल होता, तोच भाव आपल्याला भेटला असता असं समजा, तरी डाळ किलोला 110-115 ला पडते, वरून भरडाई. आणि बाजारात तं बरेचदा हमीभावाच्या खालीच द्यावी लागते, मंग घरची आणखीच स्वस्त पडली. दुकानातल्या भावाशी तुम्हीच ताडून पहा. चुनी, म्हणजे डाळ करताना निघालेला चुरा, घरच्या जनावरांना होते ते वेगळंच.

आता ही तूर बाजूला काढायची कधी? तं मळणी यंत्र शेतात उभं असते तेव्हाच. घरी आणून सगळी एका ठिकाणी रचली आणि "पाहू नंतर" म्हटलं की गेली समजा, गाडी भरताना कोणीतरी म्हणतेच की दोन कट्टे कायले मागं ठेवता, भाव बरा आहे, टाका. घरी खायचे कट्टे खळ्यावरच वेगळे भरायचे आणि त्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे हमालालाही सांगावं लागत नाही. आणि पुरुष मंडळीसोबत याचं बोलणं मळणीच्या आधी करून घ्या, गाडीपाशी उभं राहून भांडण करण्यात मजा नाही.

डाळ करायले अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल आता बऱ्याच गावांत आहे, कुठं बचत गटाची, कुठं कोण्या पोराची. तिथं गेलं की आधीच सांगायचं, पॉलिश नको. पॉलिशची डाळ दिसायले चकचकीत, बाकी काही नाही. आपल्या सासवा-आज्या तूर भिजवून, लाल माती चोळून, वाळवून जात्यावर भरडायच्या, त्या डाळीची चव मला पण आवडते पण भिजवून केलेली डाळ शिजायले वेळ घेते आणि गॅस जास्त जाते, म्हणून मी रोजच्यासाठी दालमिलचीच म्हणते. अख्खी तूर तशीच ठेवून लागेल तशी भरडू असा विचार करू नका. भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालते, कधी कधी तं शेतातूनच शेंगेवर अंडी घेऊन येते, आणि डाळ केली की त्याचा जोर पुष्कळ कमी होते. म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत डाळ करून मोकळं व्हा.

वाळवणं सगळ्यात सोपं, आपल्याकडं उन्हाची काय कमी! एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस डाळ पातळ पसरवायची, दाताखाली दाणा धरला की कट्ट आवाज आला पाहिजे, नुसता दबला तं अजून वाळायची आहे. पण एक गोष्ट बरेच जण करत नाहीत, उन्हातली गरम डाळ तशीच डब्ब्यात भरतात. गरम भरली की आत वाफ धरते आणि झाकणाखालची डाळ ओलसर होते, मंग बुरशी. संध्याकाळी सावलीत आणून रातभर थंड होऊ द्यायची, सकाळी भरायची. भरताना किलोला चमचाभर एरंडेल दोन्ही हातांनी चोळून घ्यायचं, वाळलेला कडुलिंबाचा पाला थराथरात टाकायचा. (ओला पाला टाकू नका, लोक तोडून आणतात आणि तसाच टाकतात.) डब्बा पार गळ्यापर्यंत भरायचा, अर्धा रिकामा डब्बा म्हणजे किड्याले मोकळी जागा.

आता जरा कडक बोलते. धान्यात टाकायच्या त्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणूच नका. ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटते, आणि आपलं धान्य ठेवायची खोली अन् निजायची खोली एकच राहते. दुसरं, फवारणीच्या औषधाचे कॅन. कापसाच्या गावात हे कॅन ढिगानं पडलेले राहतात आणि मजबूत दिसतात, कोणी धुऊन त्यात तेल ठेवते, कोणी पाणी. कितीही धुतलं तरी नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली, ते औषध कॅनच्या प्लास्टिकात मुरते की नाही याचा प्रयोग आपल्या पोराबाळांवर कशाले. युरियाच्या चुंगड्या (पोती) धुऊन त्यात गहू भरणं पण मला पटत नाही, पत्र्याची कोठी एकदा घेतली की पंधरा-वीस वर्ष पाहावं लागत नाही.

कोठी ठेवायची कुठं? भिंतीला टेकवून नाही. मातीची असो का विटांची, पावसाळ्यात भिंत ओल धरते. खाली दोन लाकडी पाट्या, भिंतीपासून वीतभर अंतर, उंदीर गेला तं दिसलाही पाहिजे. आणि आता माझं एक मत ऐका, आवडणार नाही बऱ्याच जणींना. स्वयंपाकघरात समोरच्या फळीवर ओळीनं लावलेले स्टीलचे गंज (पातेले), डब्बे, तांबे, लग्नातले, बारशातले, दिवाळीला एकदा घासायचे आणि पुन्हा वर, ते आधी उतरवा. हाताला लागते त्या उंचीवरची जागा घरातली सगळ्यात कामाची जागा आहे आणि तिथं आपण पाहुण्यांना दाखवायची भांडी ठेवतो अन् रोजचं तिखट-मीठ चुलीमागं कोपऱ्यात वाकून काढतो. हाताच्या उंचीवर फक्त महिन्याचे डब्बे ठेवायचे.

महिन्याचे डब्बे म्हणजे काय, तं मोठी कोठी मागच्या खोलीत, ती महिन्यातून एकदाच उघडायची आणि मोजून 6 किलो डाळ, लागेल तेवढं तिखट, हळद समोरच्या डब्ब्यात काढून घ्यायची. कोठीचं तोंड रोज उघडलं की रोज दमट हवा आत जाते, शिवाय मोठ्या कोठीतून काढताना हात सैल पडते, वाटीच्या जागी दीड वाटी कधी जाते समजत नाही. डब्बा विसाव्या तारखेलाच खाली दिसला तं आपल्यालाच कळते. झाकणावर खडूनं भरल्याचा महिना लिहून ठेवा, बस.

मिरची मार्च-एप्रिलात घ्या. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीले भौगोलिक मानांकन आहे, तिखट चांगलीच आहे, पण कुठलीही घ्या, मूठभर कानापाशी धरून हलवा, आत बी खुळखुळलं पाहिजे. खुळखुळलं नाही तं तिच्यात पाणी आहे आणि तुम्ही पाण्याचे पैसे देऊन राहिले. एखादी फोडून पहा, आत करडी-काळी बुरशी असली तं तो ढीगच सोडा, उन्हात टाकून बुरशीचं विष जात नाही. देठ घरीच खुडा, कांडपवाल्यासमोर उभं राहा, आणि भरताना मीठ अन् हिंगाचा खडा. हळदीसाठी वर्धा जिल्ह्यातली वायगावची भेटली तं सोडू नका, दुपटीनं रंग देते असं आमच्या सासूबाई म्हणतात, मी दुपटीनं नाही म्हणणार पण देते.

गव्हाचं थोडक्यात. किती भरायचा ते शेजारणीला विचारू नका, एक महिना चक्कीवर जाणारं दळण वजन करून लिहा, त्याला बारानं गुणा आणि रेशनचा गहू वजा करा. घरात भाकर होत असली तं आकडा बराच खाली येते.

न भरायच्या वस्तू मात्र नीट लक्षात ठेवा. तेल वर्षाचं भरू नका, एका 15 किलोच्या पिप्याच्या वर नाहीच, उन्हाळ्यात आपल्याकडं 45 डिग्रीत पिपा तापते आणि तेल खवट होते. फल्लीदाणे (शेंगदाणे), जवसाची चटणी, खोबरं तसंच. जवस अख्खे ठेवा, चटणी आठवड्यापुरती कुटा. बेसन तं कधीच नाही, चण्याची डाळ ठेवा आणि चून (पिठलं) करायच्या हिशोबानं किलो-दोन किलो दळून आणा. कंपनीचे मसाले मोठ्या पाकिटात स्वस्त म्हणून घेऊ नका, अर्धं पाकीट वास उडून फेकल्या जाते. उलट शाम्पूची पुडी बरेचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, मागं किती मिली लिहिलं ते पाहून गुणाकार करा, सगळं मोठं तेच स्वस्त असं काही नाही.

आठोडी बाजारात पैसे मोजून न्या आणि फोनपे घरी ठेवा, पोरांच्या हातात द्या, काहीही करा. फोननं दिलेले पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत. संध्याकाळी उशिरा भाजी स्वस्त भेटते हे खरं, पण वांगे-सांभार (कोथिंबीर) दुसऱ्या दिवशीच सडणार असतील तं स्वस्त कसलं, मी तं कांदे-आलू उशिरा घेते आणि पालेभाजी आधी.

आणि घरात खर्च कमी करा म्हणून बाईलेच सांगतात ना, तं त्या दिवशी खर्र्याचा, म्हणजे माणसं चघळतात त्या तंबाखू-सुपारीचा, हिशोब पण वहीत लिहा. 20 रुपयाचा एक, रोजचे दोनच धरा, महिन्याचे 1200, वर्षाचे 14,400. वर एक क्विंटल तूर कितीची सांगितली? 8000.

आता शेवटचं काम पावसाळ्यातलं. पोळ्याच्या आसपास दोन-तीन दिवस चांगली उघाड भेटली की कोठ्या एकदा उघडायच्या, दुपारच्या उन्हातच, सकाळच्या दमट हवेत नाही. हात आत खोल घालून पहा, डाळ गरम लागली तं आत किडा किंवा ओल आहे. भुंगा-सोंडा दिसला तं घाबरू नका, बाहेर काढून उन्हात पसरा, चाळणीनं चाळा, आणि तेवढी डाळ आधी खाऊन संपवा, बाकीच्यात परत मिसळू नका. पण बुरशीचा वास आला किंवा गोळे झाले असले तं माणसालेही नाही अन् ढोरालेही नाही, खड्ड्यात पुरा, आणि कोठी उन्हात तापवल्याशिवाय नवीन काही भरू नका.