शिकारीच्या कस्टम रायफलसाठी ट्रिगर कसा निवडावा

कस्टम रायफल बांधून घेताना बॅरल आणि दुर्बिणीवर पुष्कळ विचार होतो; ट्रिगर मात्र बहुधा शेवटी, ‘ओढायला सर्वांत हलका कोणता’ एवढ्याच प्रश्नावर निवडला जातो. टेबलावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हा प्रश्न योग्य असेलही. शिकारीच्या रायफलीत मात्र त्याआधी आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात.

सुरुवात ॲक्शनपासून करावी, म्हणजे बॅरलच्या मागच्या त्या यंत्रणेपासून, जिच्यात बोल्ट हा दांडा मागेपुढे सरकून काडतूस आत ढकलतो आणि मागून बंद करतो. आज मिळणाऱ्या अनेक कस्टम ॲक्शन १९६२ साली आलेल्या ‘रेमिंग्टन ७००’च्या मापावर बेतलेल्या असतात आणि त्यामुळेच त्या मापाच्या ट्रिगरमध्ये सर्वाधिक पर्याय मिळतात, टिक्का, सॅव्हेज, होवा किंवा ‘विंचेस्टर ७०’ यांची जोडणी मात्र वेगळी असते. माप जुळले तरी बोल्ट बाहेर काढण्याची कळ कुठे आहे ते पाहावे. मूळ रेमिंग्टनमध्ये ती ट्रिगरच्या पुढे असते, तर बऱ्याच कस्टम ॲक्शनमध्ये ती डाव्या बाजूला बसवलेली असते. म्हणून ट्रिगर मागवताना कळीसह हवा की कळीविना, हे स्पष्ट सांगावे. स्टॉकमधील, म्हणजे रायफलीच्या दस्त्यातील, खाचही मोजून घ्यावी, कारण नव्या ट्रिगरची पेटी जुनीपेक्षा रुंद असेल तर सेफ्टीचा खटका लाकडाला घासून अर्ध्यावरच अडकू शकतो.

यानंतर सेफ्टीचा विचार करावा, आणि तो घाईने उरकू नये. रेमिंग्टन पद्धतीत सेफ्टी ट्रिगरच्याच पेटीत असल्यामुळे ट्रिगर बदलला की सेफ्टीही बदलते. याउलट ‘माउझर ९८’ आणि ‘विंचेस्टर ७०’मध्ये ती बोल्टच्या मागील बाजूस असून काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या यंत्रणेलाच थेट धरून ठेवते. पेटीतील सेफ्टी केवळ सिअर (फायरिंग पिन रोखून धरणारा तुकडा) अडवते की ट्रिगरही, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे. दोन्ही अडवणारी अधिक चांगली. सेफ्टी लावल्यावर बोल्ट बंदिस्त व्हावा की नाही, यावर शिकाऱ्यांत मतभेद आहेत. बंदिस्त बोल्ट झुडपात अडकून उघडत नाही, पण रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढावी लागते. रेमिंग्टनने १९८२ मध्ये ही बंदिस्ती काढून टाकली ती याच कारणाने. माझा कल सेफ्टी न काढता रायफल रिकामी करता येण्याकडे आहे. ज्यांना दाट रानात रायफल खांद्यावर अडकवून चालायचे आहे, त्यांनी तीन स्थानांची सेफ्टी पाहावी; तिच्या एका स्थानी बोल्टही बंदिस्त होतो, तर मधल्या स्थानी सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडता येतो.

आता यंत्रणा. ट्रिगर ओढल्यावर सिअरचा आधार निघून जातो आणि फायरिंग पिन सुटते. हा आधार किती खोल आहे आणि त्याचे पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत, यावर सारे अवलंबून असते. ‘ट्रिगरटेक’ या कॅनडातील कंपनीने दोन पृष्ठभागांच्या मध्ये फिरणारा रोलर बसवून घर्षण कमी केले आहे, तर ‘टिमनी’चे साधे एकटप्पी (मोकळ्या ओढीविना थेट सुटणारे) ट्रिगर दीर्घकाळ वापरात आहेत. काही औंसांवर सुटणाऱ्या स्पर्धेच्या ट्रिगरमध्ये आधार अत्यल्प आणि स्प्रिंग नाजूक असते, त्यामुळे धूळ, गोठलेले तेल किंवा गवताचे कुसळ त्यांना बिघडवायला पुरेसे ठरते. मोठ्या कारखान्यातील मालही तपासावाच लागतो: रेमिंग्टनने २०१४ मध्ये आपले ‘एक्स-मार्क प्रो’ ट्रिगर परत मागवले, कारण जुळणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ काहींत जास्त झाला होता आणि त्यामुळे रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता.

एकटप्पी की दुटप्पी, हा बराचसा सवयीचा प्रश्न आहे. दुटप्पीत आधी मोकळी ओढ येते, मग स्पष्ट अडथळा लागतो. हातमोजे घालून शिकार करणाऱ्याला तो अडथळा उपयोगी पडतो.

वजन, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा जोर, ठरवायची वेळ आता येते. शिकारीसाठी अडीच ते साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे १.१ ते १.६ किलो, ही समंजस मर्यादा आहे. थंडीने बधिर झालेल्या बोटाला, धाप लागलेली असताना, एका पौंडाचा ट्रिगर नीट जाणवतच नाही. शिवाय आकड्यापेक्षा सातत्य महत्त्वाचे. मापकाने दहा वेळा मोजून प्रत्येक वेळी जवळपास तेच वजन येणारा तीन पौंडांचा ट्रिगर हा कधी दोन तर कधी अडीच पौंडांवर सुटणाऱ्या ट्रिगरपेक्षा निश्चितच बरा.

जोडणी जाणकार कारागिराकडून करून घ्यावी आणि सिअरची खोली ठरवणारा सीलबंद स्क्रू स्वतः फिरवू नये. नंतर काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबर रिकामा असल्याची खात्री करून चाचणी घ्यावी. बोल्ट अनेकदा जोरात बंद करावा. कॉक केलेल्या (फायरिंग पिन ताणून सुटण्यास तयार ठेवलेल्या) रायफलीचा दस्ता रबरी चटईवर सर्व बाजूंनी आपटावा. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. यांपैकी कोणत्याही वेळी फायरिंग पिन सुटली, तर ती रायफल काडतूस न भरता कारागिराकडे परत न्यावी. वजन कमी-जास्त केल्यावर हीच चाचणी पहिल्यापासून पुन्हा घ्यावी.

नवा ट्रिगर बसल्यावर त्यात घट्ट ग्रीस भरू नये, कारण ते थंडीत आळते आणि धूळ धरते. बॅरल साफ करताना बोअर गाइड (सफाईची सळई सरळ धरणारी नळी) वापरावा, म्हणजे साफसफाईचे द्रावण मागे वाहून ट्रिगरच्या पेटीत शिरत नाही.