कॅन्सरची पेशी स्वतःच्याच सायटोकाइनवर वाढते का, हे लॅबमध्ये कसं तपासायचं

एलायझात (प्रोटीन किती आहे ते मोजणारी टेस्ट) आयएल-६ हे सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते प्रोटीन) दिसलं की लगेच ‘ऑटोक्राइन आहे’, म्हणजे पेशी स्वतःच्याच सायटोकाइनवर वाढतेय, म्हणून मोकळं व्हायचं, ही चूक जवळपास सगळेच करतात (मीही केलीय). अरे, बनवणं वेगळं आणि त्याच्यावर वाढणं वेगळं.

समजा फुफ्फुसाच्या कॅन्सरची ए५४९ सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) घेतली, पुण्याच्या एनसीसीएसमधून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) मिळते. आधी मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणारे बारीक जीवाणू) टेस्ट करा, कंटाळा करू नका, कारण त्या इन्फेक्शननेच पेशी आयएल-६, आयएल-८ ओतायला लागतात आणि तुम्ही सहा महिने भलत्याच गोष्टीमागे धावता.

मग मीडियममधलं (पेशी ज्यात वाढवतो त्या द्रवातलं) सीरम काढा किंवा अगदी कमी करा, त्यात आधीच ग्रोथ फॅक्टर असतात. २४ ते ४८ तासांनी मीडियम गोळा करून स्पिन करा, एलायझा लावा, सोबत पेशी न टाकलेलं मीडियम कंट्रोल म्हणून हवंच, आणि आकडा पेशींच्या संख्येने भागा. त्याच पेशींवर रिसेप्टर (सायटोकाइन जिथे जाऊन चिकटतं ते प्रोटीन) आहे का तेही बघा. आयएल-६ साठी आयएल-६ रिसेप्टर आणि जीपी१३०, आयएल-८ साठी सीएक्ससीआर१ नाहीतर सीएक्ससीआर२.

आता खरा प्रश्न, दाणापाणी तोडलं तर वाढ थांबते का? न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी (सायटोकाइनला पकडून निकामी करणारी) टाका, पण अझाइड (अँटीबॉडी टिकवायला घालतात ते विषारी रसायन) नसलेली, नाहीतर पेशी अझाइडनेच मरतील आणि तुम्ही पेपर लिहायला बसाल. शेजारच्या वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे त्याच प्रकारची पण सायटोकाइनला न पकडणारी अँटीबॉडी. ७२ तासांनी एमटीटी (रंगावरून पेशींची वाढ जोखायची टेस्ट) करा, पण ती मेटाबॉलिझम मोजते, म्हणून ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) पेशी मोजाच. १९८५ मध्ये कटिटा आणि सहकाऱ्यांनी स्मॉल सेल कॅन्सरमध्ये हेच केलं होतं, बॉम्बेसिन या वाढ करणाऱ्या पेप्टाइडविरुद्धच्या (छोटं प्रोटीन) अँटीबॉडीने डिशमध्येही आणि उंदरांतही वाढ रोखून दाखवली.

अँटीबॉडीने काहीच झालं नाही तर लगेच हार मानू नका. कधीकधी सायटोकाइन बाहेर न पडता पेशीच्या आतच रिसेप्टरला भेटतं, तिथे अँटीबॉडी पोचतच नाही. मग एसआयआरएनएने (ठरावीक जीन बंद पाडणारा आरएनएचा छोटा तुकडा) त्या सायटोकाइनचा जीन दाबा, आणि वाढ मंदावली की बाहेरून तेच सायटोकाइन, लॅबमध्ये बनवलेलं रिकॉम्बिनंट प्रोटीन, परत टाका. त्याने वाढ परत आली तर गाइडपुढे बिनधास्त ‘ऑटोक्राइन’ म्हणा. नाही आली तर निष्कर्ष काढायची घाई नको, आतला लूप बाहेरच्या प्रोटीनने भरून निघेलच असं नाही, दुसऱ्या एसआयआरएनएने परत करून बघा.