कुष्ठरोगात डोळ्यांकडे रोज कसं बघावं

कुष्ठरोगात डोळा बिघडतो तेव्हा बऱ्याचदा तो दुखतच नाही. ज्वारीची मळणी चाललीय, बुबुळात कुसळ रुतलंय आणि माणसाला पत्ता नाही, असं होऊ शकतं. कारण हा जंतू नसांवर बसतो. एक नस पापणी मिटवते, दुसरी बुबुळाला स्पर्श कळवते. पहिली गेली की डोळा उघडा राहून कोरडा पडतो. दुसरी गेली की जखम कळत नाही. दोन्ही गेल्या तर फूल पडायला वेळ लागत नाही. म्हणून दुखण्याची वाट न बघता आरसा घ्यायचा.

सकाळी खिडकीच्या उजेडात बसा. आधी डोळ्यांचा रंग बघा. लाली, पांढरा ठिपका, बुबुळाचा चमकदारपणा गेलेला, हे शोधायचं. भुवयांचे केस झडले असतील तर ते दिसायला वाईट, पण नजरेला त्याचा धोका नाही.

मग झोपेत मिटतो तसे हलकेच डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसतंय का? दिसत असेल तर आता घट्ट मिटून बघा. फट नवीन असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती सुधारण्याची शक्यता बरीच असते. फट जुनी आणि मोठी असेल तर पापणीची शस्त्रक्रिया करता येते.

आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून वीस फुटांवरून कुणी दाखवलेली बोटं मोजा.

फट असलेल्यांनी मुद्दाम डोळे मिटायची सवय लावावी. यंत्रमागावर असाल तर तुटलेला धागा जोडला की एकदा घट्ट मिटा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, किंवा जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या धुळीत जाताना गॉगल आणि टोपी हवीच. रात्री डॉक्टरांनी दिलेला थेंब घालून डोळ्यांवर स्वच्छ फडकं बांधा. नवा सोलापुरी टॉवेल त्यासाठी नको, खरखरीत असतो. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर उत्तम. हात बधिर असतील तर डोळा हाताने चोळूच नका. मध, दूध, काजळ यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही.

डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सोसत नाही, बाहुली बारीक किंवा वेडीवाकडी दिसते? ही आतली सूज असू शकते. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. औषध दुकानातून विचारून आणलेला थेंब इथे घात करतो. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइडचा थेंब पडला तर डोळाही जाऊ शकतो.

एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्या मधेच सोडू नका. चेहऱ्यावरचा चट्टा, विशेषतः डोळ्याजवळचा, अचानक लाल होऊन सुजला तर तेही लगेच दाखवा, नस धोक्यात असते. आणि कोर्स संपला म्हणून आरसा ठेवून देऊ नका. गेलेली नस गोळ्यांनी परत येतेच असं नाही, आणि नवी इजा कोर्सनंतरही होऊ शकते.