मल्टीबिट स्क्रूड्रायव्हर घेताना आधी टोक बघा

शिलाई मशीन दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. कामाच्या टेबलाला सुट्या स्क्रूड्रायव्हरांनी भरलेला अख्खा खण आहे. घरी मात्र एकच ठेवतो, मुठीत सहा बिटं, म्हणजे काढून बदलता येणारी टोकं, मावणारा. कपाटाची बिजागरी, खेळण्यातल्या बॅटरीचं झाकण, डुगडुगणारी खुर्ची, कढईचा सैल झालेला दांडा, एवढी सगळी कामं त्या एकावर निघतात. ओळखीत कुणी घर बदललं की मला विचारतात, कुठला घेऊ? आणि सोबत चाळीस-पन्नास बिटांच्या डबीचा फोटो येतो.

बिटं मोजू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यातलं जे एक बिट तुमच्या हातात सगळ्यात जास्त वेळा येणार आहे, ते कसं आहे ते बघा. घरात ते बहुतेकदा दोन नंबरचं फुलीचं असतं. त्यावर पीएच २ असं कोरलेलं असतं. ते चांगलं नसेल तर बाकीच्या एकोणचाळीस बिटांचा उपयोग नाही, कारण खराब टोक स्वतः झिजतं ते झिजतंच, वर स्क्रूची खाचही खाऊन टाकतं. स्क्रूड्रायव्हर बदलता येतो. पण फळीत रुतलेला, खाच गोल झालेला स्क्रू काढायला अर्धा दिवस जातो.

हे टोक पारखायचं कसं? घरातला एक दोन नंबरचा फुलीचा स्क्रू खिशात घालून दुकानात जा. बिट मुठीतून बाहेर काढा, स्क्रूच्या डोक्यात बसवा आणि स्क्रू हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा. चांगलं बिट खाचेच्या तळापर्यंत जातं आणि स्क्रू जवळपास हलत नाही. वाईट बिट वरच अडतं, नाहीतर आत लटपटतं. मग बिट उजेडात धरा. फुलीच्या चारही पात्यांच्या कडा स्वच्छ आणि सारख्या दिसायला हव्यात. जाड चकचकीत मुलाम्याखाली कडा गोलसर झाल्या असतील तर ते नको. करडं, साधं दिसणारं, नीट कापलेलं बिट मी डोळे झाकून पसंत करतो.

चपट्या बिटाला हीच कसोटी जास्त कडक लावा. शिलाई मशीनवर अजूनही चपट्या खाचेचे स्क्रू भरपूर असतात, त्यामुळे हे मला हातानं माहीत आहे. पातं पाचरीसारखं निमुळतं असेल तर जोर लावताच ते खाचेतून वर चढतं. टोकाजवळ दोन्ही बाजू समांतर असलेलं पातं जागेवर राहतं. पात्याची रुंदी खाचेएवढी हवी. कमी असेल तर खाचेचे कोपरे मोडतात, जास्त असेल तर आजूबाजूला ओरखडे पडतात.

आता फुलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरातले सगळ्यात जास्त स्क्रू याच गोंधळात खराब होतात. फुलीसारखे दिसणारे सगळे स्क्रू एक नसतात. साधी फुली म्हणजे फिलिप्स, तिची पेटंटं १९३६ सालची. दुसरा प्रकार पोझिड्राइव्ह. त्याच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा असतात, तिरप्या. त्याचं बिट वेगळं, त्यावर पीझेड २ लिहिलेलं असतं. घरी आणून जोडायच्या कपाटांत, बिजागऱ्यांत हे स्क्रू हमखास असतात. भावाच्या घरी कपाटाचं दार बसवताना त्यानं सहाच्या सहा स्क्रू पीएच २ नं पिळले होते. मी पोचलो तेव्हा चार स्क्रूंच्या खाचा गेलेल्या, दार तिरकं लटकलेलं. फिलिप्सचं बिट पोझिड्राइव्हमध्ये शिरतं, फिरतंही, म्हणून चूक लक्षात येत नाही. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला खरा जोर लागतो आणि तेव्हाच ते सटकतं. म्हणून घरच्या सेटमध्ये पीझेड २ नसेल तर तो सेट मी घ्यायला सांगत नाही.

तिसरा प्रकार जपानी. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. जपानी शिलाई मशीन, कॅमेरा, मोटरसायकल यांत तो भेटतो. फिलिप्सचं बिट त्यात तळापर्यंत बसत नाही. अशी वस्तू घरात असेल तर जेआयएस (जपानी मानकाची खूण) असं लिहिलेलं एक बिट वेगळं घेऊन मुठीत ठेवा.

सहा पाकळ्यांच्या ताऱ्याचं, म्हणजे टॉर्क्सचं, बिट हल्ली लागतंच. ही रचना १९६७ सालची. ती मला मनापासून आवडते, कारण बिट वर उसळत नाही, दाब कमी द्यावा लागतो. टी १०, टी १५, टी २० आणि टी २५ असले की घरात अडत नाही.

एवढ्या बिटांसाठी मूठ घेताना एकच गोष्ट घट्ट धरा: बिटाचा षटकोनी बुंधा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा हवा. हे जगभर चालणारं माप आहे. झिजलेलं बिट टाकून कुठल्याही कंपनीचं नवं बसवता येतं, ड्रिलचं बिटही यात चालतं. काही स्क्रूड्रायव्हरांत दोन्ही बाजूंना टोक असलेली, त्या कंपनीचीच खास बिटं असतात. हातात ती छान वाटतात, नळीचं तोंड नटालाही बसतं. पण एक टोक गेलं की नेमकं तसलंच बिट शोधत बसावं लागतं. घरासाठी मी ती टाळतो.

बिट दांड्यात बसवून हलवून बघा. थोडा खेळ असतोच. पण टोक डोळ्यांना दिसेल एवढं डोलत असेल तर जोर लावताना ते खाचेत तिरकं बसणार. बिट उलटं धरून झटकलं तरी पडायला नको. स्क्रू टोकाला चिकटून राहील एवढं चुंबक पुरे.

पोलादाबद्दल थोडक्यात. दांडा क्रोम व्हॅनेडियमचा असला की झालं. बिटांवर एस २ लिहिलेलं असेल तर चांगली खूण आहे, ते धक्के सोसणारं पोलाद आहे. नुसत्या शिक्क्यावर मात्र जाऊ नका. पाणी नीट दिलेलं नसेल तर तेच पोलाद पिळवटतं नाहीतर तडकतं, म्हणून कडा आणि बसणूक आधी बघा.

मूठ हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. त्याच पकडीत २४ मिलिमीटर जाडीच्या मुठीपेक्षा ३६ मिलिमीटरची मूठ दीडपट पीळ देते, कारण हाताचा जोर मध्यापासून तेवढ्याच जास्त अंतरावर लागतो. पण बोटं नीट वेढा घालतील एवढीच जाडी घ्या. माझ्या पत्नीचा हात लहान आहे, माझी मूठ तिला पेलत नाही. घरात ज्याच्या हाताला हे काम जास्त पडतं, त्याच्या हाताचं माप घ्या. मागचं टोपण हाताच्या तळव्यात रुतत नाही ना, तेही दाबून बघा, कारण बिटं बहुधा तिथेच ठेवलेली असतात.

रॅचेट, म्हणजे मूठ उलटी फिरवली तरी स्क्रू जागेवर ठेवणारी दातेरी कळ, हवं का? हवं, पण चांगलं मिळत असेल तरच. बहात्तर दातांचं रॅचेट दर पाच अंशांवर अडकतं, त्यामुळे कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातही काम होतं. परीक्षा सोपी आहे. बिट दोन बोटांत अलगद धरा आणि मूठ उलटी फिरवा. बिटही मागे फिरू लागलं तर सैल स्क्रूसोबत तेच होणार, तुम्ही पिळाल आणि तो परत उलगडेल. असं रॅचेट असण्यापेक्षा सरळ घट्ट दांडा बरा.

एक उणीव या प्रकाराला चिकटलेली आहे. बिट धरणारं तोंड जाड असतं, माझ्याकडचं ११ मिलिमीटर भरतं. उपकरणांच्या तळाशी खोल, अरुंद भोकात स्क्रू असेल तर ते आत जात नाही. त्यासाठी १०० किंवा १५० मिलिमीटर लांबीचं एक पीएच २ बिट सोबत घ्या. चष्म्याचे आणि फोनचे स्क्रू याच्याकडून करून घेऊ नका, त्यांचा ४ मिलिमीटर बिटांचा सेट वेगळा मिळतो.

आणि विजेच्या बोर्डाला हा लावायचा नाही. मूठ प्लास्टिकची असली तरी दांडा उघडा धातूचा आहे. मेन स्विच बंद केल्यावरही मी तिथे १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण असलेला, टोकापर्यंत आवरण घातलेला स्क्रूड्रायव्हरच वापरतो.

माझ्या मुठीत सध्या पीएच १, पीएच २, पीझेड २, टी २०, सहा मिलिमीटरचं चपटं आणि चार मिलिमीटरचं एलन, म्हणजे षटकोनी टोकाचं बिट, आहे. बाकीची टॉर्क्स बिटं एका छोट्या डबीत. पीएच २ ची चार-पाच सुटी बिटं आणून ठेवतो. पात्यांच्या कडांवर उजेड चमकू लागला, किंवा नव्या स्क्रूतही ते वर उसळू लागलं, की ते बिट त्याच दिवशी फेकतो. परत डबीत टाकलं तर घाईच्या वेळी नेमकं तेच हाताला लागतं.