परदेशी पोस्टिंग: नव्या घरातले पहिले दिवस

बदलीचा हुकूम, पासपोर्ट, लसीकरणाच्या नोंदी, मुलांचे शाळेचे दाखले हातातल्या बॅगेतच ठेवा. जहाजाने निघालेलं सामान यायला आठवडे लागतात. भाडेकरारात ‘अचानक बदली झाल्यास दंडाविना घर सोडता येईल’ हे कलम लिहून घ्या. जोडीदार मोहिमेवर जाण्याआधी मुखत्यारपत्र करा, नाहीतर त्याच्या नावावरची कामं अडतात.

एकही खोकं आत येण्याआधी ओल, फरशीचे तडे, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि यादीवर घरमालकाची सही घ्या. नाहीतर जुने तडे तुमच्या डिपॉझिटमधून भरले जातात.

वीज मात्र नीट समजून घ्या. अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज नाही. १२० व्होल्टचा मिक्सर २३० व्होल्टवर लावला की मोटर जळते. चार्जरवर ‘१००–२४०’ असेल तर अ‍ॅडॅप्टर पुरे. नसेल तर उपकरणाच्या वॅटपेक्षा निदान पाव पट जास्त क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. तोही हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, बदलत नाही: ६० हर्ट्झसाठी बनलेलं विजेचं जुन्या पद्धतीचं घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडतं. इस्त्री आणि हीटर तिथेच विकत घ्या. त्यांना पुरेल असा ट्रान्सफॉर्मर उचलतानाच कंबर धरते.